आकाशात सुटणारे सुकाणू : १९७६ चा सांताक्रूझ अपघात आणि विमान-देखभालीचा इतिहास



मिरजोळ्यात बसून विमानाविषयी बोलायचे तर प्रस्तावनेची फारशी गरज नाही. धावपट्टी आपल्याच कातळावर आहे, तटरक्षक दलाचा हवाई तळ आपल्या शेजारी आहे, आणि प्रवासी विमान कधी सुरू होणार हा प्रश्न तर चहाच्या टपरीपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळीकडे विचारला जातो. ते विमान येवो, लवकर येवो. पण ते येण्याआधी एका गोष्टीचा इतिहास आपण समजून घ्यावा असे आम्हांला वाटते. विमान पडले की आपण पहिला प्रश्न विचारतो, "पायलटनं काय केलं?" आजचा प्रश्न वेगळा आहे. पायलटच्या हातातले सुकाणू कधीकधी निकामी होते, आणि त्याची सुरुवात त्या उड्डाणात नव्हे, तर त्याच्या कितीतरी दिवस आधी जमिनीवर झालेली असते. हे कसे घडते, ते आपण पाहू.

उदाहरणासाठी फार लांब जायला नको. मुंबईलाच जाऊ.

१२ ऑक्टोबर १९७६. मध्यरात्र उलटून गेली होती. सांताक्रूझ विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे १७१ क्रमांकाचे विमान मद्रासला निघायचे होते. आधी ठरलेल्या बोइंग ७३७ च्या इंजिनात बिघाड निघाला, म्हणून प्रवाशांना दुसऱ्या विमानात बसवले. हे दुसरे विमान कॅरव्हेल, फ्रेंच बनावटीचे. भारतात देशांतर्गत प्रवासाला जेटयुग दाखवले ते याच विमानाने, १९६४ साली. दोन इंजिने, दोन्ही शेपटीजवळ, मागच्या बाजूला.

विमान उडाले आणि लगेच उजवे इंजिन फुटले. वैमानिकांनी विमान वळवून परत धावपट्टीकडे आणायला घेतले. आता नीट लक्ष द्या. एक इंजिन बंद पडले म्हणून दोन इंजिनांचे विमान पडत नाही. एका इंजिनावर उडून परत उतरता यावे अशीच त्याची रचना असते आणि वैमानिकाला तेच शिकवलेले असते. तेव्हा परत फिरण्याचा निर्णय योग्य होता, आणि ते जवळजवळ पोचलेही होते. धावपट्टी समोर होती. सुमारे ३०० फुटांवर असताना विमान एकाएकी नाक खाली करून कोसळले. विमानात ८९ प्रवासी आणि ६ कर्मचारी होते. ९५ पैकी कोणीही वाचले नाही. मल्याळम चित्रपटांतली अभिनेत्री राणी चंद्रा त्यांच्यातच होती.

मग झालं काय? इंजिनात हवा दाबणारा जो भाग असतो, कॉम्प्रेसर, त्यात एकामागे एक चकत्या फिरत असतात. दहाव्या टप्प्याच्या चकतीत तडा गेलेला होता. धातू थकून पडणारा तडा. ती चकती वेगात फिरताना फुटली, तुकडे बाहेर उडाले, इंधनाची नळी तुटली, आग लागली. आणि त्या आगीत हायड्रॉलिकचे तेल गेले. तेल गेल्यावर दाब गेला आणि दाब गेल्यावर नियंत्रणे गेली. इंजिन फुटल्यापासून कोसळेपर्यंत काही मिनिटे विमान उडत होते. ते पडले ते नियंत्रण सुटल्यामुळे.

हायड्रॉलिक म्हणजे काय हे मिरजोळ्याला समजावून सांगायला नको. जांभा काढायला येणारा जेसीबी आपण रोज बघतो. त्याचा पाइप फुटला, तेल सांडलं, की काय होतं? इंजिन घरघरत असतं, ड्रायव्हर दांडा ओढत असतो, पण हात हलत नाही. मोठ्या विमानाचेही असेच असते. पंखांच्या मागच्या कडेला विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या झडपा असतात, आडव्या शेपटीवर नाक वर-खाली करणाऱ्या, आणि उभ्या शेपटीवर होडीच्या सुकाणूसारखी एक. पूर्वीच्या लहान विमानांत वैमानिक तारा आणि कप्प्या यांच्या जोरावर त्या हलवत असे. विमाने मोठी आणि वेगवान झाली तसा वाऱ्याचा रेटा माणसाच्या मनगटाला झेपेना. मग मधे तेलाचा दाब आला. काम हलके झाले, पण एक नवे परावलंबन आले : दाब नाही तर सुकाणू नाही.

आणि हा धोका १९७६ ला पहिल्यांदा कळला असेही नाही. तेरा वर्षे आधीची, ४ सप्टेंबर १९६३ ची गोष्ट. स्वित्झर्लंडमध्ये स्विसएअरचे कॅरव्हेलच, झुरिकहून जिनिव्हाकडे निघालेले. धावपट्टीवर धुके होते. इंजिनांचा झोत देऊन धुके पांगवावे म्हणून वैमानिकांनी इंजिनांचा जोर वाढवून, ब्रेक दाबत, धावपट्टीवरून विमान चालवले. ब्रेक तापले, चाकाची धाव फुटली. उड्डाणानंतर चाके पोटात घेतली आणि आग आत गेली. तिने हायड्रॉलिकच्या नळ्या खाल्ल्या, विमान आटोक्याबाहेर गेले. ८० माणसे गेली. त्यांतली ४३ एकाच गावची होती, हुमलिकोन नावाच्या. त्या गावाची एकूण वस्ती २१७. शेतकरी मंडळी, शेतीचे प्रयोग बघायला निघालेली. आपल्या एखाद्या वाडीतून शेतकऱ्यांची सहल निघावी आणि पाचांतला एक माणूस परत येऊ नये, असा हा प्रकार. इथे दोष देखभालीचा नव्हता, पण शेवटचा दुवा तोच होता. आग लागली, तेल गेले, सुकाणू सुटले.

आता त्या तड्याकडे वळू, कारण इतिहास खरा तिथे आहे.

धातू थकतो, हे माणसाला विमानाने नाही, आगगाडीने शिकवले. ८ मे १८४२ ला फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली, ५० हून अधिक माणसे गेली. आस मजबूत होता, त्यावर वजनही नेहमीचेच होते. मग तो मोडला का? पुढे प्रशियात ऑगस्ट व्होलर नावाच्या रेल्वे-अभियंत्याने वर्षानुवर्षे आस फिरवून फिरवून प्रयोग केले आणि दाखवून दिले, की एका दणक्यात जे वजन धातूला काहीही करत नाही, तेच लाखो वेळा आलटून पालटून पडले तर धातू मोडतो. घरी करून बघा. तार एकदा वाकवली तर तुटत नाही. दहा-वीस वेळा इकडून तिकडे केली की हातात दोन तुकडे येतात.

यात एक चांगली गोष्ट आहे आणि एक वाईट. वाईट ही, की तडा बाहेरून दिसत नाही, विमान नेहमीसारखेच उडते. चांगली ही, की तडा सहसा एका दिवसात वाढत नाही. त्याला वेळ लागतो, शेकडो, हजारो उड्डाणांचा. देखभाल नावाची जी सगळी यंत्रणा आहे, ती या वेळेवर उभी आहे. दर इतक्या तासांनी भाग उघडा, धुवा, बघा, मोजा, लिहा, सही करा. तडा मोठा व्हायच्या आत कुणाच्या तरी डोळ्याला पडला पाहिजे, एवढेच गणित.

१९७६ च्या त्या चकतीबाबत असे नव्हते, की कुणी नट बसवायला विसरले. तडा होता, तो वाढत होता, आणि उड्डाणाच्या आधी तो कुणाला सापडला नाही. एवढेच. पण या एवढ्याशा 'एवढेच'ची किंमत ९५ माणसे होती.

तेरा वर्षांनी अमेरिकेत याच प्रकाराची अधिक स्पष्ट चौकशी झाली. १९ जुलै १९८९, युनायटेड एअरलाइन्सचे २३२ क्रमांकाचे डीसी-१० विमान. शेपटीतल्या इंजिनाची टायटॅनियमची चकती फुटली आणि तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणांच्या नळ्या कापल्या. तीन यंत्रणा कशासाठी ठेवतात? एक गेली तर दुसरी, दुसरी गेली तर तिसरी. पण तिन्हींच्या नळ्या शेपटीत एकमेकींजवळून जात होत्या. कॅप्टन आल हेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, सोबत प्रवासी म्हणून असलेल्या एका वैमानिक-प्रशिक्षकाच्या मदतीने, उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. २९६ पैकी १८४ माणसे वाचली. जगाने वैमानिकांचे कौतुक केले, ते योग्यच होते.

पण चौकशी वर्कशॉपपर्यंत गेली. ती चकती अपघाताच्या ७६० उड्डाण-फेऱ्या आधी तपासली गेली होती. तपासणीत भागावर चमकणारा द्रव लावतात, पुसतात, आणि अंधारात जंबुपार दिव्याखाली बघतात. तड्यात शिरलेला द्रव रेघेसारखा चमकतो. चौकशीचे म्हणणे असे, की तेव्हा तडा अर्ध्या इंचाच्या आसपास होता, म्हणजे सापडण्याजोगा होता. तो सापडला नाही, कारण माणसाच्या नजरेच्या मर्यादा धरून तपासणीची पद्धत बसवलेली नव्हती. विचार करा. एक माणूस अंधाऱ्या खोलीत एकामागून एक भाग बघतो आहे. शंभरातल्या शंभर भागांत काही सापडत नाही. एकशेएकाव्या भागाकडे तो कोणत्या नजरेने बघेल? हा त्याच्या आळसाचा प्रश्न नाही. त्याला किती वेळ दिला, कसा उजेड दिला, दुसरी नजर दिली का, हे प्रश्न आहेत.

न सापडलेला तडा ही झाली एक तऱ्हा. दुसरी तऱ्हा, सापडलेला बिघाड चुकीचा दुरुस्त होणे.

जपान एअरलाइन्सच्या एका बोइंग ७४७ ची शेपटी १९७८ मध्ये ओसाकाला उतरताना धावपट्टीवर घासली. मागच्या बाजूला हवेचा दाब अडवणारी घुमटासारखी भिंत असते, तिला इजा झाली. दुरुस्ती खुद्द बोइंगच्या माणसांनी केली. जोडाला एक सलग पट्टी आणि रिव्हेटच्या दोन ओळींचा आधार मिळायला हवा होता. पट्टी दोन तुकड्यांत बसवली गेली, आणि जोडाचा भार प्रत्यक्षात एकाच ओळीवर आला. वरून बघितले तर काम पूर्ण दिसत होते. विमान पुढे सात वर्षे उडाले, बारा हजारांहून अधिक वेळा. दर उड्डाणाला केबिनमध्ये दाब भरायचा, उतरताना काढायचा, म्हणजे तीच तार वाकवणे चालू. १२ ऑगस्ट १९८५ ला ती भिंत फाटली, हवेच्या झोताने उभ्या शेपटीचा मोठा भाग उडाला, चारही हायड्रॉलिक यंत्रणांचे तेल गेले. वैमानिक अर्धा तास त्या सुकाणू नसलेल्या विमानाशी झगडले. ५२० माणसे गेली, ४ वाचली. एकाच विमानाच्या अपघातात इतकी माणसे आजवर कधी गेलेली नाहीत.

तिसरी तऱ्हा आपल्या सगळ्यांच्या ओळखीची : करायचे काम पुढे ढकलणे. गाडीचे सर्व्हिसिंग पाच हजारांवर सांगितलेले, आपण म्हणतो, "चालतेय ना, बघू सात हजाराला." सातावर काही झालं नाही, की पुढच्या वेळी दहा.

अलास्का एअरलाइन्सचे २६१ क्रमांकाचे एमडी-८३ विमान. शेपटीचा आडवा पंख वर-खाली करायला त्यात एक लांब स्क्रू असतो, लॉरीच्या जॅकसारखा, आणि त्यावर नट. या आट्यांना ग्रीस लागते. १९८७ मध्ये ग्रीसिंग दर ५०० उड्डाण-तासांनी होत असे. मुदत वाढत वाढत १९९६ मध्ये आठ महिन्यांवर गेली, म्हणजे सुमारे २,५५० तास. आटे किती झिजले हे मोजण्याची मुदतही तशीच लांबली, ३० महिने. सप्टेंबर १९९७ मध्ये मोजले तेव्हा झीज ०.०४० इंच भरली, अगदी मर्यादेवर. नट बदला, असे लिहिलेही गेले. मग पुन्हा मोजमाप झाले, ते ०.०३३ भरले, आणि विमान सेवेत गेले. ३१ जानेवारी २००० ला नटातले आटे साफ निघाले, शेपटीचा तो पंख मोकाट सुटला, आणि विमान कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात गेले. ८८ माणसे. समुद्रतळातून काढलेल्या त्या स्क्रूच्या कामाच्या भागावर तपासणाऱ्यांना ग्रीस मिळाले नाही.

मुदत वाढवताना दरवेळी कागद होता, कारण होते, मंजुरी होती. कुणीही गुन्हेगारासारखे वागत नव्हते. विमाने जमिनीवर कमी राहिली की तिकिटे जास्त विकली जातात, हे साधे व्यवहाराचे गणित होते. मुदत वाढवूनही अपघात झाला नाही, हाच पुढची मुदत वाढवायला पुरावा ठरत गेला.

इथे एक फरक स्पष्ट करायला हवा, नाहीतर सगळे अपघात एकाच टोपलीत जातील. १ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे ७४७ विमान सांताक्रूझहून उडाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात गेले. २१३ माणसे. मुंबईकरांच्या आठवणीत हाच अपघात जास्त आहे. पण तिथे सुकाणू शाबूत होते. विमान किती कलले आहे ते दाखवणारे कॅप्टनसमोरचे उपकरण चुकले, बाहेर समुद्रावर काळोख, आणि वैमानिकाने चुकीच्या बाजूला विमान कलवले. म्हणजे १९७८ ला हात होता पण डोळा फसला, १९७६ ला डोळा होता पण हातच राहिला नाही. दोन्ही अपघात सव्वा वर्षात, एकाच विमानतळावरून. इतिहास लिहिताना हा फरक ठेवला पाहिजे, कारण उपायही वेगळे आहेत.

आता मिरजोळ्याकडे येऊ.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, खारा वारा. छपराचा पत्रा किती वर्षे टिकतो, गेटच्या बिजागऱ्या कशा धरतात, होडीचे इंजिन न धुता ठेवले तर काय होते, हे आपल्याला पुस्तकात वाचावे लागत नाही. विमानाचे अ‍ॅल्युमिनियमही मिठाला बळी पडते. २८ एप्रिल १९८८ ला हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चे पुढचे छप्पर हवेत उडून गेले. हे विमान एका बेटावरून दुसऱ्या बेटावर लहान लहान फेऱ्या करी, खाऱ्या हवेत, तोवर सुमारे ८९ हजार उड्डाणे झालेली. पत्र्याचे जोड सुटत होते, रिव्हेटच्या भोकांपाशी तडे होते. सुकाणू सुदैवाने शाबूत राहिले म्हणून वैमानिकांनी ते उतरवले. एक हवाई सेविका गेली. या चौकशीत एक लहानशी नोंद आहे. विमानात चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळ पत्र्यात तडा दिसला होता. त्या कुणालाच बोलल्या नाहीत. कुणीही बोललं नसतं. आपल्याला वाटतं, त्यांना माहीत असेलच.

आणि आपल्या तटरक्षक दलाचे बघा. २६ मार्च २०२३ ला कोचीला त्यांचे ध्रुव हेलिकॉप्टर चाचणीसाठी वर गेले आणि ३०-४० फुटांवर असताना दांड्याला प्रतिसाद द्यायचे थांबले. वैमानिकाने हाती होते तेवढ्या नियंत्रणात ते धावपट्टीपासून बाजूला नेऊन पाडले, तिघेही वाचले. ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला मात्र तिघे गेले. तिथे स्वॉशप्लेट तुटल्याचे आढळले. वैमानिकाच्या दांड्याची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत पोचवणारी ही तबकडी. ती तुटली की दांडा आणि पाती यांचा संबंध संपतो. त्यानंतर देशभरातली शेकडो ध्रुव हेलिकॉप्टरे जमिनीवर उभी केली गेली. समुद्रात मच्छीमार अडकला तर यांचीच वाट बघायची, हे आपल्या किनाऱ्याला ठाऊक आहे. तरीही ती थांबवली. हा निर्णय महाग असतो, लोक बोलतात, कामे अडतात. आम्हांला वाटते, या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा शब्द कोणता असेल तर तो हाच : थांबवा.

आपल्या देशात विमान दुरुस्त झाल्यावर ते उडायला योग्य आहे असे प्रमाणपत्र परवानाधारक विमान देखभाल अभियंता सहीनिशी देतो. ती सही झाल्याशिवाय कॅप्टन कितीही मोठा असला तरी विमान हलवू शकत नाही. एवढे वजन त्या सहीला कायद्याने दिले आहे. पण सहीला वजन येते ते 'नाही' म्हणायच्या ताकदीमुळे. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला काही अर्थ उरत नाही. आणि त्याला 'नाही' म्हणू न देणारे फक्त मालक नसतात. काउंटरवर आवाज चढवणारे आपणही असतो.

म्हणून दोन गोष्टी सांगतो आणि थांबतो. आपल्या औद्योगिक क्षेत्रात, आयटीआयमध्ये फिटर-मशिनिस्ट होणारी मुले-मुली आहेत. पायलट व्हायचे स्वप्न जरूर बघा, पण विमान देखभालीचे शिक्षणही असते, आणि ते काम दुय्यम नाही. १९७६ च्या त्या रात्री वैमानिकांच्या हातात जे उरले नव्हते, ते वाचवायची संधी आधी जमिनीवर होती.

दुसरी गोष्ट आपल्या सगळ्यांसाठी. उद्या मिरजोळ्याहून विमान सुटायला लागेल, आणि एखाद्या दिवशी सांगतील, "तांत्रिक कारणाने उशीर आहे." लग्न असेल, दवाखाना असेल, मुंबईतली मीटिंग असेल. चिडचिड होईल, होणारच. पण त्या वेळी समजा, की कुणीतरी काहीतरी बघितलं आहे आणि बघून गप्प बसलेलं नाही. आणि चढताना आपल्याला काही वेगळं दिसलं, तेल गळताना, पत्रा उचकटलेला, तर लाजू नका, सांगा. फार तर हसतील.